मास्तरांचं नऊ वर्षांचं बाळ

आमच्या तळ्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. ते लहान आहे. या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा कुत्रा भुंकतो. पण लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दर मे महिन्यात, बर्फ सुटलं की मी त्यात माझा तारेचा पिंजरा सोडत आले. आत सूचिपर्णी झाडाच्या हिरव्या डहाळ्या टाकायच्या. पट्टेरी आहवेन मासळी त्या डहाळ्यांवर अंडी घालायला येते आणि अडकते. ती बोटाएवढीच असते, म्हणून तर राय धान्याच्या भाकरीत भरून सात तास भाजली की काटेसुद्धा लोण्यासारखे होतात. त्या भरल्या भाकरीला कालाकुक्को म्हणतात, आणि माझ्यासारखा तो चर्चच्या या बाजूला कुणी भाजत नाही. त्या बाजूला कुणी भाजत असेल, तर मला माहीत करून घ्यायचं नाही.

तर त्या वर्षी एप्रिलमध्ये ताउनो मास्तरांनी बंबखान्याच्या खोलीत पाणीवाट्याची सभा बोलावली. तळ्यात ज्यांचा वाटा, ते सगळे आले. मास्तर आमचे अध्यक्ष. तीस वर्षं शाळेत छडी फिरवली, आता तळ्यावर फिरवतात. वीतभर नसलेला मासा परत पाण्यात सोडायचा, हा नियम त्यांचाच. तो सगळे पाळत. मी सोडून.

"मंडळी," मास्तर उभे राहिले, "आपलं तळं रिकामं होतंय. पंधरा वर्षांत कुणी मोठी आहवेन पाहिलीय? मी म्हणतो, तीन वर्षं मासेमारी बंद. गळ बंद, जाळी बंद, आणि" माझ्याकडे बघत, "पिंजरेही बंद."

मी विणकाम चालूच ठेवलं. मग त्यांनी खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि टेबलावर उघडली. आत एक आहवेन. बोटाएवढी. सकाळीच बर्फाला भोक पाडून धरलेली.

"हे बघा. हे बाळ आहे, बाळ! आणि असली बाळं बादलीनं खाणारी माणसं आपल्यात बसलीत."

शेजारचा रेइनो खदाखदा हसला. "साइमीकाकू, पोरं खाता होय? माझी धाकटी लपवून ठेवतो!"

"तुझी धाकटी तुझ्यावर गेलीय. तिला सात तास काय, सात दिवस भाजली तरी मऊ व्हायची नाही."

सगळे हसले. मी मात्र हिशेब केला. तीन वर्षं पिंजरा बाहेर, म्हणजे कायमचाच बाहेर. माझं वय काही तीन वर्षं परत पाण्यात सोडता येत नाही. आणि वर गावभर पोरं खाणारी म्हणून नाव!

मी उठले. कोपऱ्यात माझी सून हेलिना कॉफीचं आधण ठेवून बसली होती. मी मास्तरांच्या बाळाचं मुंडकं मोडलं आणि आधणात टाकलं.

"आई! कॉफीचं पाणी आहे ते!"

"मग आज कॉफी पौष्टिक होईल."

"साइमीबाई, हा काय प्रकार?" मास्तर लालबुंद झाले. "तुम्ही शाळेत दोन हिवाळे काढलेत. मत्स्यशास्त्र म्हणजे..."

"दोनच काढले. म्हणून उरलेला वेळ मासे साफ करायला मिळाला."

मुंडकं शिजलं तसं कल्ल्यावरचं झाकण सुटलं. नखाएवढं हाड. ते मी फडक्यानं पुसलं, मास्तरांना खिडकीशी नेलं आणि उजेडासमोर धरलं. मांजरासाठी मुंडकी उकळताना हे मी आयुष्यभर बघत आले आहे. झाडाच्या बुंध्यात असतात तशी वर्तुळं.

"मोजा. तुम्हाला आकडे येतात."

मास्तरांनी चष्मा पुसला. मोजलं. परत मोजलं.

"नऊ," ते हळूच म्हणाले.

"नऊ काय?"

"नऊ वर्षं." आणि मग, माणूस प्रामाणिक म्हणून सांगते, ते मोठ्यानं म्हणाले, "पाचवीला शिकवत होतो मी हे. एका हिवाळ्याला एक वर्तुळ. भांड्यात कधी डोकावलो नाही."

"हे जन्मलं तेव्हा रेइनोच्या डोक्यावर केस होते," मी म्हटलं. "मास्तर, हे बाळ नाही, हा उपाशी म्हातारा आहे. दोन गाईंच्या गवतावर वीस गाई बांधल्या तर दूध कोण देईल? तुम्ही लहान सगळे परत सोडता, आणि त्यांना खाणारे मोठे हाउकी मासे धरून भिंतीवर मुंडकी टांगता. सात आहेत तुमच्या भिंतीवर. तळं रिकामं नाही, कोंबलेलं आहे."

"आणि खोटं ठरलं तर?" मागून कुणीतरी विचारलं.

माझ्या तोंडातून निघून गेलं. "या मेमध्ये सगळ्यांनी पिंजरे लावायचे, लहान मासळी उपसायची, मोठे हाउकी परत सोडायचे. पुढच्या वर्षी बटाटे काढायच्या आत वीतभर आहवेन निघाली नाही, तर माझा पिंजरा मी स्वतः लोहाराकडे नेऊन देईन."

हात वर झाले. मास्तरांचाही.

त्या मेमध्ये आम्ही मासे अक्षरशः फावड्यानं उपसले. घराघरात कालाकुक्को भाजले. हेलिनाचा तळाशी फुटला, मी काही बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले. उरलेले मासे कोंबड्यांना घातले, तर अंडी महिनाभर माशासारखी लागत होती.

त्या उन्हाळ्यात काहीच झालं नाही. मासे तेवढेच. रेइनो रोज धक्क्यावरून ओरडायचा, "काकू, लोहार विचारत होता!" मी म्हणायचे, "त्याला सांग, आधी रेइनोची जीभ घेऊन जा." पण संध्याकाळी पिंजऱ्याच्या तारेवरून हात फिरवायचे. गंज खरवडायचे. कशाला, कुणास ठाऊक.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी, बटाट्याची पानं पिवळी पडत होती. पिंजरा वर ओढला तर जड. आत मोजके मासे, पण एक हिरवीगार, पोसून पाठीला कुबड आलेली आहवेन शेपटी आपटत होती. मी हेलिनाला मास्तरांकडे पळवलं. ते शाळेची पट्टी घेऊन, एका पायात बूट घालून आले.

"वीत आणि वर दोन बोटं," त्यांनी जाहीर केलं. "मुंडकं उकळा!"

उकळलं. खिडकीशी त्यांनीच धरलं. नऊ वर्तुळं एकमेकांना चिकटलेली, कंजूष माणसाच्या हातच्या टाक्यांसारखी. मग एक रुंद, ऐसपैस, आणि त्याच्या बाहेर या उन्हाळ्याची अर्धी कड.

"दहा," मास्तर म्हणाले. "साइमीबाई, हा त्या बाळाच्याच वर्षाचा."

"जुळा भाऊ. फक्त जेवलेला."

मग हाड पाकिटात ठेवून ते म्हणाले, "परवा माझ्या गळाला केवढा हाउकी लागला होता! हा एवढा. परत सोडला." डोळ्यांत पाणीच होतं हो.

त्याच मासळीचा कालाकुक्को भाजला आणि संध्याकाळी त्यांना जाड तुकडा कापून दिला. मोठ्या मासळीचे काटे सात तासांत मऊ होत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मास्तरांनी तीन काटे गुपचूप ताटाच्या कडेला ठेवले आणि म्हणाले, "नेहमीसारखाच झालाय."

पिंजरा धुतला, धक्क्यावर उलटा टाकला. पुढच्या मेपासून मी भाकरी नऊ तास भाजते.