कंची गन भारी

करंट गेला की आमच्या वडगावात माणसं बोलाय लागतात. एरवी गल्लीतल्या निम्म्या घरांत पॉवरलूम चालू, खटाखट खटाखट, त्यात कोण कुणाला काय सांगणार? मागावर आमचा सगळा कारभार हातानं. दोन बोटं फाकली की धागा तुटला, अंगठा तोंडाकडं गेला की चहा. मालक आला ह्याची पण एक खूण हाय, ती मीच काढलीया, पण ती बायामाणसांपुढं करून दाखवता येत न्हाय.

तर त्या दिवशी दुपारी करंट गेलता आणि आमी भरमाच्या कट्ट्यावर बसलतो. भरमा म्हणजे माझा शेजारी, भिंतीला भिंत. त्याच्या घरात दोन माग, एकावर तो, दुसऱ्यावर त्याचा पोरगा नागराज. नागराज कोपऱ्यात मोबाईलवर ती गोळीबाराची गेम खेळत बसलता. पाच जणांनी पाच जणांना मारायचं, घरात शिरायचं, जागा धरायची, असली ती गेम. मी उगंच काडी घातली. म्हणलो, ह्यात सगळ्यात भारी गन कंची?

भरमानं आयुष्यात त्या गेमला बोट लावल्यालं न्हाय, पण बोलायचं तर त्यालाच पयलं. म्हणाला, लांबडी. दुर्बीण लावल्याली. लांब बसायचं, लपायचं, टिपायचं. मग मी म्हणलो, आखूड. सरळ दारात जायाचं आणि छातीवर ठेवून उडवायचं. भरमा आखूड म्हणला असता तर मी लांबडी म्हणलो असतो, आपला धंदाच तो. बघता बघता आवाज वाढला, समोरची शालूबाई तांदूळ निवडायचं टाकून आली, आणि पैज लागली. बेंगळूरवाल्यांच्या निवडीच्या दिवशी नागराज जी गन उचलंल ती भारी. हरंल त्यानं नऊवारी नेसायची, गजरा माळायचा आणि बाजार गल्लीत बाईच्या आवाजात भाजी मागत फिरायचं. नागराजची आई बायाक्का म्हणाली, लुगडं माझं देते, पण धुऊन पाहिजे.

आता ही निवड काय ते सांगतो, कारण पैज आमची, पण जीव त्या पोराचा टांगल्याला. बेंगळूरला एक टीम होती, गेम खेळायचा पगार देणारी. खोली त्यांची, जेवण त्यांचं, वर पगार. मला तर पयल्यांदा वाटलं कोणतरी माझ्यासारखाच टोपी घालाय बसलाय. पण खरं निघालं. नागराजचा नेम बघून त्यांनी स्वतः फोन केलता. एकच जागा रिकामी. हिकडं आमच्या गल्लीत वर्षाला दोन-चार माग भंगारात जायालेत, साडीला उठाव न्हाय, सूत महाग. पोरगं शाळा सुटल्यापास्नं मागावर. एकदा मला म्हणालतं, "काका, हे जमलं न्हाय तर मी त्या मागाजवळच म्हातारा होतो बघा." मी म्हणलो, मी झालोच की. ते हसलं न्हाय.

पैज लागल्यावर बेंगळूरच्या कॅप्टननं सांगिटलं, लांबडीवाला आमच्याकडं हाय. आमाला पुढं घुसणारा पाहिजे, आखूड गनवाला, जो दारातनं पयला आत जातो. आणि सराव आमच्या नियमानं करायचा. साध्या गेममदी जवळ कोण चाललं की नकाशावर पावलाची खूण दिसती. स्पर्धेत ती खूण बंद.

तितनं खेळ बिघडला. एरवी लांबनं माशी टिपणारं पोरगं, घरात शिरलं की मरायचं. कधी पाठीमागनं, कधी जिन्यावरनं, कधी दाराआडनं. मारणारा जमिनीतनं उगवल्यागत यायचा. काम सुटलं की आमी सगळे भरमाच्या घरात जमायचो, मोबाईल टीव्हीला जोडायचा, आवाज फुल्ल, आणि कंची गन घ्यावी ह्यावर पंचायत. पयली शॉटगन. जवळनं एका दणक्यात माणूस आडवा, पण गोळ्या भरंपर्यंत समोरचा चहा पिऊन येतो. मग ती बारकी भराभर गोळ्या सोडणारी. हातात हलकी, पळता येतं, पण निम्म्या गोळ्या भिंतीला. मग मधली रायफल, जी दोन्हीकडनं बरी आणि कुठंच लई चांगली न्हाय. मी आखूडच्या बाजूनं वकिली करायचो, नागराजला गुपचूप मिठाईच्या दुकानातला कुंदा आणून द्यायचो. भरमा म्हणायचा, लाच द्यायलाय. मी म्हणायचो, व्हय.

गन बदलली, गोळ्या बदलल्या, बोटांची जागा बदलली. मरणं तसंच. भरमा म्हणाला, समोरचे चोरी करतात. मी म्हणलो, शॉटगनच घे, फकस्त दारात जरा थांब. नागराज पडदा बाहीला पुसायचा. ओठ दाबून परत पयल्यापास्नं.

अशातच त्याची भण करिष्मा आली. ती ल्हानपणापास्नं निपाणीला मावशीकडं वाढली, शिकली, तितंच एका औषधाच्या दुकानात कामाला हाय. आमच्या मागाचा आवाज तिला सोसत न्हाय, आली की कानात कापूस घालती. त्या संध्याकाळी ती ताटं घेऊन बाहेरच्या सोप्यात आली, तवा नागराज गेममदल्या एका घरात शॉटगन घेऊन उभा होता. दोन क्षणांत मागनं कोणतरी आला आणि खेळ खलास.

करिष्मानं विचारलं, "अण्णा, तो जिन्यावरनं येतोय ते ऐकून पण तू वळला न्हाईस का?"

नागराज म्हणाला, काय ऐकून?

"पायांचा आवाज. मगापास्नं येत होता की."

आमी तिघं एकमेकांकडं बघितलो. मला वाटलं, पोरगी चेष्टा करतीया. चेष्टेत मी मुरल्याला माणूस, मला कोण बनवणार? म्हणलो, तू टीव्हीकडं पाठ करून बस. कोण आला की हात वर कर. नागराज परत खेळाय लागला. ती भिंतीकडं तोंड करून बसली. तिनं हात वर केला, आमाला काय दिसंना, काय ऐकू येईना, मी हसाय तोंड उघडलं, आणि दारातनं माणूस आला. परत हात. परत माणूस. मी उठलो, टीव्हीला कान लावलो. गोळ्या ऐकू येत होत्या, गाडीचा आवाज येत होता. पावलं न्हाईत. भरमानं दुसरा कान लावला. आमी दोघं म्हातारे टीव्हीला दोन्हीकडनं चिकटल्यालो, मदी तिचा हात वर.

तिनं मान वळवली, आमच्याकडं बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. ती म्हणाली, "तुमाला कुणालाच ऐकू येत न्हाय?"

भरमानं टीव्ही बंद केला. चुलीपुढनं बायाक्का काय झालं म्हणून हातानं विचाराय लागली. मागावर आमाला हजार खुणा येतात, पण ह्याला आमच्याकडं खूण न्हवती.

बघा, आमच्या गल्लीत सगळीच मोठ्यानं बोलतात. टीव्ही सगळ्यांचाच मोठा. बायकोनं दुसऱ्यांदा हाक मारली तर ती चिडली असं समजायचं. मग कुणाला कमी ऐकू येतंय हे कळायचं कसं? म्हाताऱ्यांचे कान जातात हे ठाऊक होतं. पण नागराज? त्याला अजून नीट दाढी आल्याली न्हाय.

करिष्मानं त्याला बेळगावातल्या कानाच्या डॉक्टरकडं नेलं. मी पण गेलो, रांगेत पेशंटांना हसवत बसलो. डॉक्टरनं सांगिटलं ते साधं होतं. जाड आवाज येतात, बारीक आवाज गेले. पावलं, पक्षी, पोरींचं कुजबुजणं, सगळं बारकं गेलं. परत येत न्हाय. मागाच्या आवाजापास्नं लांब ऱ्हावा, न्हायतर उरल्यालं पण जाईल. मी विचारलो, यंत्र लावलं तर? म्हणाला, बोलण्याला उपयोग होईल. कुठल्या बाजूनं कोण येतंय हे झटकन कळायला म्हणाल तर अवघड हाय.

घरी आल्यावर सगळे एकदम बोलाय लागले. करिष्मा म्हणाली, त्या कॅप्टनला खरं सांग. नागराजनं नको म्हणून मान हलवली. मग तिनं दुसरं काढलं, मी शेजारी बसते, डावीकडनं आला तर डाव्या खांद्यावर थाप, उजवीकडनं आला तर उजव्या. एक दिवस तसं खेळले. काय खेळला सांगू. जिन्यावरचा मारला, दाराआडचा मारला, मी कट्ट्यावर जाऊन नाचलो. मग संध्याकाळी कॅप्टनचा निरोप आला. निवडीच्या दिवशी कॅमेरा चालू ठेवायचा, खोलीत दुसरं कोण नको.

आदल्या दिवशी भरमा पोराजवळ बसला. त्याचा आवाज त्यानं कधी नव्हं ते ल्हान केलता, त्यामुळं दोनदा सांगाय लागलं. म्हणाला, "लांबडी घे. जे दिसतंय त्येवढंच खेळ. कान लागत न्हाईत."

नागराज म्हणाला, "लांबडीची जागा न्हाय आप्पा. ती उचलली की मी खेळायच्या आदीच घरी."

भरमानं माझ्याकडं बघितलं. मी कायतरी बोलावं म्हणून. माझी पैज आखूडवर, आणि मनात म्हणत होतो, पोरा, मला हरव, लुगडं मी नेसतो. पण तोंडानं काय सांगणार? दोन्हीकडनं खड्डाच.

निवड दुपारची. मी सगळ्या गल्लीला हातापाया पडून माग बंद ठेवाय लावलते, एकानं पण नको म्हणलं न्हाय. नागराज आतल्या खोलीत, दार बंद, कानाला हेडफोन. आमी सोप्यात. ते खेळ नेटवर दाखवत होते, पण आमाला दिसायचं ते थोडं मागनं, आत घडून गेल्यालं.

पडद्यावर गना आल्या. नागराजनं शॉटगन उचलली. भरमा माझ्याकडं न बघता म्हणाला, जिंकलास.

पयल्या डावात तो दारातनं पयला आत गेला, दोघं पाडले. करिष्मा एकदम उठली, दाराकडं धावली, फळीवर हात आपटाय लागली, "अण्णा, मागं." आमाला पडद्यावर अजून काय दिसत न्हवतं. मग दिसलं. आत ते कवाच होऊन गेलतं. दुसऱ्या डावात तसंच. ती परत उठली, परत दार. तिसऱ्याला भरमानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

शेवटच्या डावात नागराज एकटा उरला. समोर चार. त्यानं एक खिडकीतला पाडला, दोन दारातले, एका गोळीत एक, मी जागेवर उभा ऱ्हायलो. एकच उरल्याला. नागराज खोलीत मदोमद उभा, गन दाराकडं, वळतोय, परत वळतोय. डावीकडं, उजवीकडं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आमी कोणच टीव्ही बघत न्हवतो. भरमा, बायाक्का, मी, सगळे करिष्माच्या तोंडाकडं बघत होतो. ती ह्यावेळी उठली न्हाय. तोंडावर ओढणी धरली आणि डोळे मिटले. त्यावरनं आमाला कळलं.

दार लई वेळ उघडलं न्हाय. कॅप्टनचा निरोप दोन दिवसांनी आला. नेम एक नंबर, म्हणाला. पण खेळताना पोराचं लक्ष नसतं.

लक्ष नसतं. मी हे वाचलो आणि फोन खाली ठेवलो. त्या पोराला लक्षाशिवाय दुसरं काय होतं?

सकाळी नागराज मागावर होता. डॉक्टरचं बोलणं बायाक्कानं एकदा काढलं. तो म्हणाला, बरं, मग खाऊ काय? भरमानं कापसाचे बोळे करून त्याच्या मागाजवळ ठेवले. त्यानं घातले, आणि धागा तुटल्याला कळंना म्हणून काढून टाकले. करिष्मा निपाणीला परत गेली.

पैजेचं मी नावच काढलं न्हाय. हे माझ्या आयुष्यात पयल्यांदा. पण त्या संध्याकाळी भरमा माझ्या दारात आला. म्हणाला, लुगडं काढून ठेवलंय, नेसवाय माणूस पाहिजे. मी म्हणलो, जाऊ दे रं, कुणाच्या ध्यानात पण न्हाय.

"माझ्या हाय," तो म्हणाला. "पोरानं सगळ्यांसमोर केलं, हरलं. मी घरात लपून बसू?"

बायाक्कानं नेसवलं, कासोटा मारला, टकलावर गजरा थांबंना म्हणून रुमाल बांधून त्यावर खोवला. मिशी तशीच. बाजार गल्लीत शिरलो आणि दोन्हीकडची दुकानं रिकामी झाली. पोरं मोबाईल काढून पुढं, शालूबाई पोट धरून पायरीवर बसल्याली. भरमा कमरेवर हात ठेवून चालला, ठुमकत, असं ठुमकत की मी इतकी वर्षं ह्याला ओळखतच न्हवतो म्हणायचं.

नागराज माझ्या शेजारी उभा होता. कुणी बोलवलं न्हवतं, आपणच आलता.

भाजीवाल्या गुणाबाईपुढं भरमा थांबला. मान वाकडी केली, पदर ओढला, आणि बाईचा आवाज काढून कायतरी मागाय लागला. गर्दी फुटली. माणसं एकमेकांच्या अंगावर पडाय लागली. नागराजनं मला कोपर मारलं आणि पंजा उलटा केला. मागावरची खूण, काय म्हणतोय?

मी भरमाच्या ओठांकडं बघितलो. आवाज लई बारीक काढलता त्यानं. मी पण पंजा उलटा केला.

गुणाबाई हसत हसत भरमाला काय की सांगत होती. तो वाकला, कानामागं हात धरला, परत वाकला. त्याला पण ऐकू येत न्हवतं. लोकांना वाटलं, हा पण खेळच, आणखी हसले. शेवटी तिनं दोन वांगी उचलून त्याच्या पदरात टाकली. त्यानं पदर घट्ट धरला, सगळ्यांना नमस्कार केला आणि पुढच्या दुकानाकडं निघाला.

मी तोंड उघडून हसाय लागलो. माझं बघून नागराज पण हसला.