बधिर करणारं पान

गिरणीत विजेचे दिवे आले त्या वर्षी लवूने होडी सोडली आणि परळला मागावर कामाला लागला. वरळीच्या कोळीवाड्यात त्याच्यासारखा गडी नाही, असं त्याची थोरली बहीण रखमा सांगायची. आईबापामागे तिनेच त्याला वाढवला होता.

पण दिव्यांमुळे गिरणी सूर्य बुडाल्यावरही थांबेना. उभ्या उभ्या लवूचे डोळे मिटायचे. मग कुणीतरी त्याला नाक्यावरच्या पानवाल्याकडे नेलं. पानात चिमूटभर पांढरी पूड. जीभ बधिर व्हायची, झोप पळायची, आणि भूकही.

वर्षभरात त्याच्या गालांची हाडं वर आली. जेवायला बसला की रखमाला त्याची छाती सदऱ्याआड उडताना दिसायची. एकदा घागर आणताना तो वाटेतच मटकन बसला, तेव्हा तिने त्याला ओढतच डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. "कोकेन खातोस?"

"पान खातो."

"तेच ते! ती पूड काळजाला चाबूक मारते. धावून धावून काळजाचं मांस मरतं, अन् मेलेलं पुन्हा भरून येत नाही. वल्हं नको, ओझं नको. आणि ते पान तर नकोच."

बाहेर येताच रखमा म्हणाली, "माझी शपथ घे."

"घेतली गं बाय."

पावसाळ्याचे पहिले दोन महिने त्याने ती पाळलीही. नारळी पुनवेला शर्यतीच्या होड्या सजल्या, तसा मात्र तो काठावर चुळबुळ करू लागला. "देवळात जाऊन येतो," म्हणाला आणि परतला तो डोळे लकाकत. रखमाने हाक मारेपर्यंत त्याने होडीत उडी घेऊन पुढचं वल्हं धरलंही होतं. होडी सगळ्यांच्या पुढे निघाली. लोक ओरडले. भीती विसरून रखमाही ओरडली.

मग लवूच्या हातातलं वल्हं सुटलं.

वाळूवर आणला तेव्हा त्याच्या गालात पानाचा चोथा तसाच होता. रखमाने तो बोटाने काढला, पदराने त्याचं तोंड पुसलं. बायका म्हणाल्या, "रड गं, रड." तिला रडू आलं नाही.

लवूचं दिवसकार्य झालं आणि ती मासळीची टोपली घेऊन दादरच्या बाजारात बसली. भाव सांगितला, घासाघीस केली, मासळी कापली.

"अगो, बोट कापलंय तुझं!" गिऱ्हाईक बाई ओरडली.

रखमाने बोटाकडे पाहिलं. रक्त चांगलंच वाहत होतं. तिने ते पाण्यात बुडवलं आणि विचारलं, "डोकं ठेवू का काढू?"