जीपचं जावळ

आमच्या जीपला एक टोपडं होतं. माझ्या लेकीचं, दिशाचं टोपडं मऊ, पिवळ्या कापडाचं. जीपचं काळ्या घोंगडीचं. दोन्ही आत्यांनीच शिवलेली.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, तानूबाई. उभी जवानी त्या मेंढरांमागे चालल्या. मग गुडघे गेले, मेंढरं विकली आणि लिलावातली ही जुनी फोर व्हील जीप दारात आली. सोनबा तिच्यावर नारायणगाव-जुन्नर वडाप करू लागले, सीटमागे भाडं घेऊन. (बोलताना मी त्यांचं नाव घेत नाही, लिहिताना घेते. लिहिताना गोड वाटतं.) टोमॅटोच्या दिवसांत त्या रस्त्याला धूळ म्हणजे नुसतं पीठ. इंजिन जिथून हवा ओढतं त्या नळीच्या तोंडाशी ती गच्च बसायची. आत्यांनी ते पाहिलं. लेकराच्या नाकात धूळ जाते तेव्हा आपण पदर धरतो, मग हिला कोण धरणार, म्हणाल्या, आणि जुन्या घोंगडीचं टोपडं शिवून त्या तोंडावर घट्ट बांधलं. वर अभिमानानं सांगितलं, "आमच्या घोंगडीतनं पाऊस येत न्हाई आन वारा बी येत न्हाई."

सपाट रस्त्यावर जीप कुरकुरत का होईना, चालत राहिली.

दिशाच्या वेळी मी फार अडले होते. तेव्हा आत्यांनी नवस केला, की पोरीचं जावळ आहुप्याच्या देवराईत काढीन, पोराच्या गाडीतनं घेऊन येईन. त्या राईशेजारी त्यांच्या मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, बसायचा. मेंढरं आणि माणसं एकाच धुक्यात झोपायची. जावळ वर्षाच्या आत काढायचं. दिशाचा अकरावा महिना अर्धा सरला, तेव्हा कुठे आम्ही निघालो. माझा भाऊ जानकू लोणीहून आला होता. जावळ मामाच्या मांडीवर काढतात.

वाटेतल्या धरणाच्या पाण्याकडेनं जीप बरी गेली. शेवटच्या घाटात मात्र सोनबांनी फोर व्हीलचा छोटा दांडा ओढला, पहिला गिअर टाकला, तरी चाकं नुसती रस्ता धरून उभी. मागं काळा धूर. शेजारून गुरं घेऊन एक बाई आम्हाला मागं टाकून गेली. थांबून तिनं विचारलं, "पावणं, बैल जुंपायचं का?"

आम्ही परत फिरलो. एसटीनं जाऊ, असं मी हळूच सुचवलं. आत्या म्हणाल्या, कबूल केलं ते कबूल केलं. नाहीतर मी चालत येते. त्यांचे गुडघे सगळ्यांनाच माहीत होते.

मग सोनबा जीपमागे लागले. नारायणगावचे मिस्त्री गेणभाऊ म्हणाले, पंप नवा टाका, नाहीतर इंजिनच बदला. सोनबांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी दोन्ही गोष्टी गिळल्या आणि डिझेलचा स्क्रू तेवढा वाढवून दिला. जास्त पाजलं की जास्त पळेल, असा हिशेब. पळाली नाही, धूर मात्र दुप्पट झाला. सोनबांनी टपावरचा कॅरिअर उतरवला, पुढचं लोखंडी गार्ड काढलं, मागची बाकडी काढली. भंगारातून बरे नोझल शोधून बसवले. टायरांत हवा भरली. जीप हलकी झाली, पण गावाजवळच्या चढावर धापा तशाच. जावळासाठी थांबून राहिलेला जानकू म्हणाला, "दाजी, आता दारं बी काढा. आमी पाय खाली सोडून चालतो."

अकरावा महिना सरत होता. दुपारी दिशा पाजता पाजता झोपली, की मी तिच्या केसांतून बोट फिरवायची. पोटातून आलेले केस. कानामागे एक बट होती, बोटाला अंगठीसारखी गुंडाळायची. ते केस जाणार म्हणून जीव हळहळायचा, आणि जाणार नाहीत म्हणून आत्यांकडे बघवायचं नाही.

अशाच एका दुपारी दिशा आत्यांच्या मांडीवर होती. वारं सुटलं म्हणून आत्यांनी तिच्यावर घोंगडी ओढली, ती नाकावर आली. पोरीचं तोंड लाल झालं, पाय झाडून तिनं घोंगडी उडवली आणि मोठा श्वास घेतला. आत्यांनी पुन्हा ओढली. तिनं पुन्हा उडवली. माझी नजर सहज अंगणात गेली. जीपचं बॉनेट उघडं होतं. आत ते काळं टोपडं, तोंडावर घट्ट बांधलेलं.

आत्यांच्या हातच्या शिवणीला नावं कशी ठेवायची? मी दिशाला उचलून खांद्याशी घेतलं आणि म्हणाले, "आत्या, पोर पाय झाडतंय म्हणून आपल्याला कळतं. जीपला पाय कुठायत?"

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग जीपकडे. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, खुंटीवरची लोकर काढायची कातर घेतली आणि अंगणात गेल्या.

"सोनबा, बाजूला सर. आदी हिचं जावळ काढू."

सोनबा म्हणाले, आये, धूळ जाईल आत.

"जाऊ दी. धूळ खाऊनच मोटी झालाईत समदी."

टोपडं निघालं. सोनबांनी हवेचा फिल्टर धुतला, डिझेलचा स्क्रू मागे घेतला. किल्ली फिरवली, आणि जीपनं असा श्वास घेतला की जानकूचीसुद्धा चेष्टा थांबली.

महिना संपायच्या आत आम्ही पुन्हा घाटाला लागलो. सोनकी फुललेली. कोकणातून ढग वर येत होते आणि रस्त्यावरच बसत होते. वळण आलं, की वाटायचं, इथून पुढे रस्ता नाही, नुसता पांढरा कापूस आहे. जीप त्या कापसात शिरायची आणि पुढे रस्ता निघायचा. धूर नाही. इंजिनाचा आवाज पोट भरून झोपलेल्या पोरासारखा. गुरंवाली बाई वळणावर दिसली. तिनं बैलांना बाजूला घेतलं आणि हात वर केला. आत्या डोळे मिटून होत्या. पण ओठ हलत होते, जुन्या मेंढरांना हाका मारत असाव्यात.

राईत पानांवरून धुकं ठिबकत होतं. दिशा मामाच्या मांडीवर बसली. पहिली बट आत्यांनी त्याच कातरीनं कापली, बाकीचे केस वरच्या गावातल्या नाभिकानं काढले. मग आत्यांनी पिशवीतून जीपचं टोपडं काढलं. रिठ्यानं धुतलेलं, मऊ झालेलं. त्यात केस ठेवले आणि गाठ मारली.

"दोघींचं," एवढंच म्हणाल्या, आणि झाडाच्या मुळाशी ठेवून दिलं. त्या राईतून काही बाहेर न्यायचं नसतं, काटकीसुद्धा.

उतरताना दिशाचं गुळगुळीत डोकं माझ्या गळ्याशी होतं. धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा मला माझ्या पदरावर काहीतरी दिसलं. कानामागची बट, अंगठीसारखी. मी घाबरून आत्यांना दाखवली. गाडी वळवायला सांगू का, विचारलं.

आत्यांनी ती बघितली, माझा पदर तिच्यावर नीट दुमडला आणि पुढे रस्त्याकडे बघू लागल्या.

"ऱ्हाऊ दी," म्हणाल्या. "तेवढ्यानं गाडी जड हुईत न्हाई."