टेफ्लॉन टेपचे तीन वेढे

पुंजारामकाकांच्या हातचा जोड कधी गळला नाही. नळाचा असो, कारखान्यातल्या पाइपचा असो, नाहीतर शेजारच्या मेघालीच्या वॉशिंग मशीनचा. वैजापूरकडून तरुणपणी बोईसरला आले, तारापूरच्या कारखान्यांत एकतीस वर्षं फिटर म्हणून घासले आणि निवृत्त होऊन कुंभवलीत फ्लॅट घेतला, तरी खिशातली टेफ्लॉन टेप काही सुटली नाही. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ना, ती पांढरी पातळ टेप. लोक खिशात तंबाखूची पुडी बाळगतात, काका टेप बाळगायचे. एका जोडाला तीन वेढे, ना कमी ना जास्त. दुसऱ्यानं बसवलेला जोड गळला की त्यांना आतून गुदगुल्या व्हायच्या. हे काही चांगलं लक्षण नव्हे, पण आपण खोटं कशाला बोलायचं?

तर त्या शुक्रवारी सकाळी त्यांच्या मुलानं, अक्षयनं, घरच्या कॉम्प्युटरला दुसरी हार्ड डिस्क जोडली. डिस्क सुजीत फोटोवाल्याची. त्याचा कॉम्प्युटर जळून गेला, एवढी डिस्क बचावली, आणि तिच्यात होता नर्मदाकाकूंच्या लेझीम पथकाचा व्हिडिओ. पालघरला बायकांची लेझीम स्पर्धा होती. तिथं नाचायला मिळावं म्हणून आधी तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा, आणि तोही आज संध्याकाळी पाचच्या आत. मोबाईलवर कुणी घेतला नव्हता, कारण पंधराच्या पंधरा जणी नाचत होत्या, मोबाईल धरणार कोण? पुन्हा नाचून घ्यावा तर चौघी दिवाळीला गावी गेलेल्या.

सत्तावन्न वर्षांच्या नर्मदाकाकूंनी चार महिने गच्चीवर डाव बसवले होते. गुडघ्याला तेल चोळून चोळून बसवले होते. स्पर्धेच्या अर्जावर त्यांच्या नावापुढे 'पथकप्रमुख' असं लिहिलं होतं, आणि आयुष्यात कशाचंही प्रमुख होण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. त्या अर्जाची झेरॉक्स त्यांनी देवाच्या फोटोमागे ठेवली होती.

अक्षय कामाला पालघरला निघाला. जाता जाता म्हणाला, "खाली मदरबोर्डात खोचलीय ना, ती डिस्कची केबल जरा सैल वाटते. तीनला आलो की बघतो. बाबा, तोवर कशालाही हात लावू नका."

सैल! एकतीस वर्षं ज्यानं सैल शब्दाशी उभं वैर धरलं, त्याच्या कानात तो शब्द टाकून पोरगा खुशाल निघून गेला. काकांनी दहा मिनिटं पेपर वाचला. पेपरात त्यांना सैल केबलच दिसायला लागली. शेवटी उठले, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, बोर्डातून केबल उपटली, टोकाला टेपचे तीन वेढे दिले आणि अंगठ्यानं दाबून बसवली. हलवून पाहिली. काय बिशाद हलेल! झाकण लावलं, हात धुतले आणि समाधानानं डुलकी काढली.

तीनला अक्षय आला नाही, त्याचा फोन आला. काम लांबलं होतं, यायला सहा होणार होते. काकूंनी स्वतःच कॉम्प्युटर चालू केला. रोज अर्ध्या मिनिटात उघडणारं यंत्र, आज काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकवत बसलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. एकोणीस मिनिटांनी उघडलं, तर दुसरी डिस्क गायब. तोवर पथकातल्या उरलेल्या सगळ्या जणी घरात जमल्या होत्या. एकीनं पडद्याची दृष्ट काढली. मेघाली म्हणाली, "बंद करून चालू करा, आमच्याकडे तसंच चालतं."

काकूंनी बोईसरच्या नीलेशला बोलावलं. नीलेश डोंगराकडच्या पाड्यातला, कॉम्प्युटर दुरुस्तीत तरबेज. त्याच्या दुकानाच्या भागात दर शुक्रवारी लाईट जाते, रिकामाच होता, म्हणून लगेच आला. आल्या आल्या त्यानं डिस्कच्या बाजूनं केबल काढली. कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात चालू! बायकांनी टाळ्या वाजवल्या. केबल परत जोडली; तिचं बोर्डाकडचं टोक खाली आडोशाला होतं, तिकडे त्यानं पाहिलंच नाही. पुन्हा ती लुकलुकणारी रेघ. टाळ्या थांबल्या.

"कसं हाय काकी," नीलेश समजावून सांगू लागला, "मशीन चालू होताना आपल्या एकेका भागाला हाक मारतं, हायेस का म्हणून. या डिस्कचा जबाब अर्धाच येतो. मग परत हाक, परत हाक. त्यात येळ जातो. मधी कायतरी अडतंय."

पुंजारामकाका दारात उभे होते. मधे काय अडतंय हे अख्ख्या तारापूर पट्ट्यात फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि ते आत्ता या क्षणी ठाऊक झालं होतं. नळातून पाणी जातं म्हणून टेप लावायची. या केबलीतून पाणी जात नाही. हे एवढंसं त्यांच्या डोक्यात सकाळी का आलं नाही? अकरा बायका, एक मेकॅनिक, आणि त्यांच्यासमोर म्हणायचं की जोड माझा होता? छे! गुपचूप टेप काढायची, बस्स.

"चहा घ्या सगळ्यांनी, गॅलरीत बसून घ्या," ते म्हणाले. काका स्वतःहून चहाचं विचारताहेत म्हटल्यावर बायका चकित झाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी 'धूळ पुसतो' म्हणून डब्यात हात घातला.

"काका, हात काढा! करंट चालू हाय!" नीलेश ओरडला.

दुसऱ्यांदाही एकोणीस मिनिटं गेली, डिस्क दिसली नाही. मशीननं कोणत्या डिस्कवरून आधी चालू व्हायचं त्याचा क्रम नीलेशनं बदलला आणि पुन्हा सुरुवात केली. चार वाजून गेले होते. आता काकांना जी युक्ती सुचली, तिला युक्ती म्हणणं म्हणजे कारल्याला गोड म्हणणं. ते हळूच दाराबाहेर गेले आणि त्यांनी घराचा मेन स्विच पाडला.

पंखा थांबला तशा बायका हवा खायला गॅलरीत गेल्या, नीलेशही गेला. काका गुडघ्यावर बसले, डब्यात खांद्यापर्यंत हात घातला. टेपचं टोक बोटाला लागलं, सुटलं, परत लागलं. इतक्यात गॅलरीतून मेघाली ओरडली, "अगं बाई, आमचा पंखा तर चालू दिसतोय!"

काकूंनी जाऊन पाहिलं, स्विच खाली पडलेला. तो वर करून आत आल्या, तर नवरा टेबलाखाली ओणवा.

"अहो, तुम्ही काय करताय?"

"उंदीर," काका म्हणाले. "गेला वाटतं."

अकरा बायका एकदम खुर्च्यांवर आणि पलंगावर चढल्या. मग उंदीर शोधण्यात पाच मिनिटं गेली. नसलेला उंदीर सापडतोय कसला! आणि स्विच पाडल्यामुळे कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागला. टेप होती तिथंच होती.

चार चौतीसला तो उघडला. डिस्क नव्हती. नीलेशनं स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "काकी, डिस्क गेलीच वाटते. आता माझ्या हातात काय नाय."

नर्मदाकाकू उठल्या आणि कप गोळा करायला लागल्या. "जाऊ द्या गं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू. तसंही माझे गुडघे दुखतात." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की काकांना ते ऐकवेना. संसारात त्यांनी हे 'जाऊ द्या' किती वेळा ऐकलं होतं! औरंगाबादला जायचं राहिलं तेव्हा, शिवणाचा क्लास राहिला तेव्हा. प्रत्येक वेळी ते म्हणाले होते, बरं झालं, विषय मिटला. आज ते म्हणता येईना.

"थांब," काका म्हणाले. त्यांनी काकूंच्या हातातले कप धरले आणि पुन्हा म्हणाले, "थांब नर्मदे. डिस्क चांगली आहे. माझं चुकलं. खाली बोर्डातल्या केबलला मी टेप लावलीय."

"कसली टेप?" नीलेशनं विचारलं.

काकांनी खिशातून गुंडाळी काढून दाखवली. नीलेशनं गुंडाळीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "ही? नळाची?"

"तीन वेढे," काका म्हणाले. "आणि उंदीर नव्हता. आणि लाईट मीच घालवली." एकदा तोटी उघडल्यावर सगळंच वाहून गेलं.

नीलेशनं मशीन बंद केलं, वायर काढली आणि आत बोटं घातली. टेपचं पांढरं भेंडोळं बाहेर आलं. हसू दाबून त्यानं केबल नीट खोचली आणि बटण दाबलं. बायकांनी मोठ्यानं आकडे मोजायला सुरुवात केली. अठ्ठाविसाला पडदा उजळला, आणि तिथं दुसरी डिस्क निमूटपणे बसलेली. एकच जल्लोष झाला! व्हिडिओ उघडला तशी हलगी कडाडली. पुढे शिट्टी तोंडात धरून नर्मदाकाकू, कमरेला पदर खोचलेला, आणि मागे चौदा जणी. काकांनी हे गच्चीवर जाऊन कधी पाहिलंच नव्हतं. डोक्यावर धपधप होतंय अशी तक्रार मात्र रोज केली होती. ही बाई आपल्याच घरात राहते? ते बघतच राहिले.

चार एकावन्नला व्हिडिओ पोचल्याचा निरोप आला. मग त्या खोलीत जे झालं त्याला लेझीम म्हणावं की धिंगाणा, ठाऊक नाही. लेझिमा नव्हत्या, म्हणून चहाच्या बशा वाजल्या. नीलेशलाही मधे ओढलं. त्यात दोन बशा फुटल्या.

पांगापांग झाल्यावर काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "बोल," ते म्हणाले. "काय बोलायचं ते बोलून घे."

काकू ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. खांदे हलत होते. काकांना वाटलं, रडतेय. वळल्या तेव्हा कळलं, हसतायत. पण डोळ्यांत पाणीही होतं.

"सदतीस वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या. "दूध उतू गेलं तर माझं चुकलं. कुलूप अडकलं तर माझं चुकलं. पोरगा नापास झाला तेव्हाही माझंच. मला वाटायचं, या घरातल्या सगळ्या चुका करायला देवानं मला एकटीलाच नेमलंय. आज तेच तुम्ही अकरा बायकांसमोर म्हणालात. आता निवड नाही झाली तरी चालेल मला."

पुंजारामकाकांनी उगाच ओट्याची कड पुसली. मग हळूच विचारलं, "परत म्हणू?"

"म्हणा," काकू म्हणाल्या.

आणि ते म्हणाले.