चार बोटे चरबी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. कझाक माळावरच्या एका लोहाराने मला ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्यापासून घडवले. कुनिके या घरात सून म्हणून आली, त्या वर्षापासून मी तिच्या हातात आहे. आता तिच्या तोंडात चार दात उरले आहेत आणि झिजून झिजून माझे पातेही निम्मे झाले आहे.

पहिले कडक हीव पडले की हिवाळ्याच्या बेगमीसाठी घरोघर एक जनावर कापत. मी फासळ्यांवरची कातडी सोडवायची आणि कुनिके चरबीवर आडवी बोटे टेकवून मोजायची. इथल्या तांबड्या, पांढऱ्या तोंडाच्या गाई बुटक्या, पण शरदापर्यंत चार बोटे चरबी धरत. "कुनिकेची सुरी लोण्यातून फिरते," असे शेजारणी म्हणत. त्या एका वाक्यावर मी वर्षभर चकाकत असे.

मग तिच्या मुलाने, तोलेगेनने, फ्रान्सकडचा पांढरा वळू आणला. संकराची वासरे दुसऱ्याच वर्षी आयांपेक्षा उंच झाली. मांड्या अशा भरलेल्या की जाणारा-येणारा थांबून बघे. त्यातला पहिला गोऱ्हा कापला, तेव्हा मला नुसते मांसच मांस लागले. कुनिकेने बोट टेकवले. एक, तेही पुरते नाही.

"हा वरून पैलवान आणि आतून उघडा आहे रे."

"आई, शहरात चरबी कोण खातं आता? काढून कुत्र्याला घालतात."

"शहरातले घरात बसून हिवाळा काढतात. तुझ्या कालवडी बाहेर काढणार. गवत दुप्पट साठव, नाहीतर गोठा बांध."

"पाठ बघ केवढी रुंद आहे. तुझ्या त्या बुटक्यांनी हिवाळा काढला, ह्या नाही काढणार?"

वळूचा दोष नव्हता. त्याच्याकडे मांस मागितले, त्याने मांस दिले. पण तोलेगेनने एक म्हातारी सोडून सगळ्या तांबड्या गाई विकल्या, संकराच्या आठ गाभण कालवडी ठेवल्या आणि गवत कापले ते मात्र पूर्वीइतकेच.

आमच्याकडे हिवाळ्यात घोडे पुढे सोडतात. ते खुरांनी बर्फ उकरतात आणि गाई मागून उघडे पडलेले गवत खातात. त्या फेब्रुवारीत दोन दिवस बर्फ वितळले आणि तिसऱ्या दिवशी गोठून काचेसारखे झाले. घोड्यांचे खूरही घसरू लागले. साठवलेले गवत आठवड्यात संपले. थोराड अंगाला चारा जास्त लागतो आणि या अंगावर शिदोरी बांधलेलीच नव्हती.

अकरा दिवसांत मी सात कालवडींची कातडी सोलली. त्यांच्या पोटात काय होते ते मी सांगणार नाही. कुनिकेने एकीचे मांडीचे हाड फोडले. आत पांढऱ्या मगजाऐवजी लाल, पाणचट लिबलिबीत काहीतरी होते.

"बघ," ती तोलेगेनला म्हणाली. "हाडातलंही खाऊन संपवलं तिनं."

म्हातारी तांबडी गाय खंगली होती, पण चार पायांवर उभी होती.

आठव्या कालवडीला त्यांनी घराच्या पडवीत आणले. हिवाळ्याच्या दाट केसांमुळे ती अजून गुबगुबीत दिसत होती. तोलेगेनने आयुष्यात पहिल्यांदा त्या केसांत हात घातला आणि बोटे आडवी टेकवली.

"किती बोटं गं, आई?"

"बोटं कसली. हाड आहे ते."

कुनिकेने मला फडक्यात गुंडाळून ठेवले. तिसऱ्या दिवशी तीही गेली आणि तोलेगेनने ते फडके पुन्हा सोडले. त्याने मला धारही लावली नाही; कापण्यासारखे तिच्या अंगावर काही उरलेच नव्हते.

मित्रांनो, मी कधी खोटे बोलले नाही, पण माझे सत्य जनावर मेल्यावरच कळते. तुमचा हात माझ्या आधी पोहोचू शकतो. जनावर परके असो की घरचे, शरदात, गवत कापायचे दिवस शिल्लक असताना, त्याच्या केसांत तो एकदा घाला.