चुका कोणाला दिसणार नाहीत

गणिताच्या बाईंनी धाकट्या भावाला एकच अट घातली होती. त्याच्या कंपनीने मुलांना गणित शिकवणारं सॉफ्टवेअर तयार केलं होतं आणि ते चालवून बघायला त्याला बहिणीचा वर्ग हवा होता. बाई म्हणाल्या, पोरं चुकली की चूक तिथल्या तिथे पुसली गेली पाहिजे. मला नको, मोठ्या सरांना नको, कोणालाच ती दिसता कामा नये. भावाने शब्द दिला. बाईंनी तोच शब्द वर्गाला दिला.

आणि वर्गाचं रूपच पालटलं. अपूर्णांक म्हटलं की जी वही मिटून बसायची, ती पोरं टॅबलेटवर बिनधास्त उत्तरं ठोकून द्यायला लागली. चुकलं तर चुकलं, गणित पुन्हा समोर यायचं, पुन्हा करून बघायचं. शेवटच्या बाकावरच्या चिमणीच्या तोंडून 'हजर' सोडून शब्द फुटत नसे. ती एक दिवस आपणहून फळ्यापाशी आली आणि छेद समान का करायचे ते सगळ्यांना समजावून गेली. बाईंनी भावाला फोन करून त्याचं तोंडभरून कौतुक केलं.

मग पालकसभा आली. मोठ्या सरांनी दिवे मालवायला लावले आणि भिंतीवर एकेका मुलाचं नाव उमटलं. नावाखाली त्याची प्रत्येक चूक, लाल रंगात. चिमणीचं पान सरकवता सरकवता संपेना. मागे कोणीतरी फिसकन हसलं. चिमणीचा बाप उठला आणि पोरीच्या दंडाला धरून तिला बाहेर घेऊन गेला. भाऊ नवा कोट घालून भिंतीशेजारीच उभा होता.

बाईंनी त्याला जिन्यात गाठलं.

"ताई, शाळांना हेच हवं असतं," तो म्हणाला. "चुका दाखवल्या नाहीत तर विकत कोण घेणार?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू वर्ग दिला असतास?"

लहानपणी याच्या सगळ्या खोड्या बाईंनी आईपासून लपवल्या होत्या. त्या कठड्याला धरून तशाच खाली उतरल्या.

पोरं मात्र एका दिवसात शहाणी झाली. आधी वहीत सोडवायचं, शेजाऱ्याला विचारायचं, खात्री पटली की मगच टॅबलेटला बोट लावायचं. लाल रंग दिसेनासा झाला. भावाचा निरोप आला, बघ ताई, निकाल किती सुधारला.

बाईंनी टॅबलेट गोळा करून कपाटात घातले. मोठे सर बरंच बोलले, ते त्यांनी ऐकून घेतलं. मग वर्गात येऊन म्हणाल्या, "मी तुम्हाला शब्द दिला होता. तो पाळला गेला नाही."

मग चिमणीने हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं."

चिमणीने मान डोलावली. मोठ्यांचं खोटं ऐकून घेताना मुलं डोलावतात, तशी.