चित्र गेले, आवाज राहिला

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर तुम्हाला खाऊ आठवला असेल, पण मी तो नव्हे. मी टीव्हीखालचा, केबलचा डबा. माझे खरे नाव सेट-टॉप बॉक्स असे माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापले आहे, पण त्या नावाने मला कुणीच हाक मारली नाही. "डबा चालू कर", "डब्याला काय झालं", "एक चापट मार डब्याला", एवढेच मी अकरा वर्षे ऐकत आलो. आता फार दमलो आहे. तरी बसल्या बसल्या एक गोष्ट सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात हिरवी पाटी बसवली, तारांना डाग दिले आणि स्क्रू पिळले. झाकण लावताना शेवटच्या बाईने एक मोठी जांभई दिली. ती मला तेव्हाच लागली असावी, कारण तेव्हापासून मी कधी ताजातवाना झाल्याचे आठवत नाही.

खोक्यातून मला बाहेर काढले ते शिडीवाल्याने. तो या भागातला केबलवाला. त्याला नाव असणारच, पण शिडीशिवाय तो कुणाला दिसलाच नव्हता. त्याने मला तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात टीव्हीखालच्या फळीवर बसवले आणि म्हणाला, "सिस्टर, हा डबा तुम्हाला पुरून उरेल बघा."

सिस्टर म्हणजे त्या घरातल्या मोठ्या बाई. इस्पितळात तीस वर्षे परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या तरी इमारतीने त्यांना काही निवृत्त होऊ दिले नाही. कुणाला ताप आला, कुणाचे बोट कापले, की यांची बेल वाजलीच. त्यांचा मुलगा बोटीवर इंजिनिअर, सहा-सहा महिने समुद्रात. घरात सिस्टर आणि त्यांची सून, दोघीच.

ते माझे चांगले दिवस होते. सामने असले की शेजारपाजारचे येऊन सोफ्याच्या हातांवरसुद्धा बसत. दर रविवारी सिस्टर ओल्या फडक्याने मला पुसत, अगदी रुग्णाचे तोंड पुसावे तशा हलक्या हाताने. टीव्ही दोनदा बदलला, मी मात्र तोच राहिलो. "डबा चिवट आहे हो," असे मुलगा म्हणे, आणि मला आतून ऊब येई. ती ऊब थोडी तापल्यामुळेही असेल.

माझ्या तोंडावर एक छोटी काळी काच आहे. रिमोटचा इशारा मला तिथूनच कळतो. घरातले सगळे टीव्हीकडे बघतात आणि मी बघणाऱ्यांकडे बघतो. म्हणूनच एक गोष्ट मला सगळ्यांच्या आधी कळली. सिस्टर आता टीव्हीकडे सरळ बघत नव्हत्या. मान तिरकी करून पडद्याच्या शेजारी, भिंतीकडे बघायच्या. समोर धरलेली वस्तू त्यांना दिसेना. कडेचे तेवढे दिसे, त्यामुळे घरात वावरताना कुठे अडखळत नसत. त्यांनी पेपर बंद केला. "बातम्या टीव्हीवर कळतात, रद्दी कशाला वाढवायची," म्हणाल्या. सुनेला ते पटले.

रिमोट मात्र त्यांच्या अंगठ्याला पाठ होता. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. अंगठा तिथे टेकवायचा आणि तिथून घरे मोजायची. दोन-एक-चार म्हणजे बातम्या, तीन-शून्य-सात म्हणजे जुनी गाणी. त्यांचा अंगठा एकदाही चुकला नाही. मला कळत होते, पण मी कुणाला सांगणार? मला तोंड असले तरी त्यातून दुसऱ्यांचेच बोलणे बाहेर पडते.

आता सुनेचे सांगतो. तिचे काम हातांचे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती खुणांच्या भाषेत बोलते. डॉक्टर आपल्या दवाखान्यातून बोलणार, रुग्ण आपल्या घरून बघणार, आणि मधे ही, आतल्या खोलीत दार लावून संगणकासमोर. डॉक्टरांचे शब्द तिच्या हातांतून रुग्णापर्यंत जात. तिचे इंटरनेट आणि माझी चित्रे एकाच जुन्या वायरमधून येत. वारा सुटला की ती वायर हले, आणि आतून सुनेचा आवाज येई, "गेलं! परत गेलं!"

एकदा डॉक्टरांनी एका शिंपीणबाईंना अर्धी गोळी सांगितली. सुनेने खूण करायला हात उचलला आणि नेमके तिथेच चित्र थिजले. पलीकडे त्या बाईंना उचललेले एक बोट तेवढे दिसले. त्यांनी रोज एक पूर्ण गोळी घेतली. तिसऱ्या दिवशी मशीनसमोरच त्यांना भोवळ आली. वेळीच दवाखान्यात नेले म्हणून निभावले. सुनेच्या कचेरीतून फोन आला, महिन्याअखेरपर्यंत लाइन सुधारा, नाहीतर हे काम दुसऱ्या कुणाला द्यावे लागेल. फोन ठेवून ती सोफ्यावर बसली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिने फायबरच्या विक्रेत्याला बोलावले. तो भरभर बोलणारा माणूस होता. "नेट, टीव्ही, फोन, सगळं एकाच वायरीतून. काचेची वायर आहे मॅडम, वाऱ्याला भीक घालत नाही. हा जुना डबा काढून टाकायचा. आणि रिमोट बघा, बटणंच नाहीत! पडद्यावर चित्रं येतात, बघायचं आणि निवडायचं. नाहीतर तोंडाने बोला, हवं ते लागतं."

सिस्टरांनी तो गुळगुळीत रिमोट हातात घेतला. त्यांचा अंगठा त्यावर इकडून तिकडे फिरला आणि रिकामा परत आला. त्यांनी तो खाली ठेवला.

"माझा डबा हलवायचा नाही," त्या म्हणाल्या.

"आई, अहो पण माझं काम..."

"तुझं नेट घे की तू. माझं आहे ते राहू दे."

"हे एकत्रच मिळतं. आणि एका घरात दोन-दोन कशाला?"

"मी काय भिंतीशी बोलत बसू या वयात? नको म्हटलं ना!"

विक्रेता पत्रक ठेवून गेला. ते फ्रिजवर चिकटले आणि तिथेच राहिले. दोघी त्याच्या समोरून दिवसातून दहादा जात. भांडण असे झालेच नाही. भांडायलाही अंगात बळ लागते, ते दोघींकडे नव्हते. सुनेला वाटे, म्हातारपणाचा हट्ट. सिस्टरांना वाटे, हिचे काम आपल्यापायी जाणार. आणि मनातले बोलायची दोघींची तयारी नाही. सून दार लावून घेई, सिस्टर आवाज बारीक करून बसत. महिना निम्मा सरला.

आणि मग मीच घोटाळा केला.

माझ्या पाठीत तीन पिना आहेत. लाल आणि पांढरी आवाजाची, पिवळी चित्राची. एका सकाळी केर काढताना झाडू वायरीला अडकला आणि पिवळी पिन अर्धवट निघाली. आवाज चालू राहिला, पण पडद्यावर नुसता निळा उजेड. सिस्टरांनी दोन-एक-चार दाबले, मान तिरकी केली. डोळे चोळले. पुन्हा पाहिले. मग रिमोट मांडीवर ठेवून हळूच पाठ टेकली. त्यांनी कुणालाही हाक मारली नाही.

चार दिवस त्या निळ्या उजेडासमोर बसून राहिल्या. सून कामाच्या घाईत. समोरच्या खोलीतून जायची ती पाणी भरून घ्यायला, नजर खाली, कानाला हेडफोन. पाचव्या दिवशी दुपारी काम लवकर आटोपले म्हणून ती हेडफोन काढून बाहेर आली. निवेदिका पुराची बातमी सांगत होती. पडदा कोरा निळा होता. सिस्टर त्याच्यासमोर शांत बसल्या होत्या.

सून दारातच थांबली. "आई, काय बघताय?"

"बातम्या. पूर आलाय बघ कुठेतरी. किती हे पाणी! माणसं छपरावर चढून बसलीत."

सुनेने पडद्याकडे पाहिले, मग सासूच्या तोंडाकडे. मला वाटते, वर्षभरात पहिल्यांदाच तिने ते तोंड नीट पाहिले. ती येऊन जमिनीवर, त्यांच्या गुडघ्यांपाशी बसली.

"आई, पडद्यावर काहीच नाहीये. नुसता निळा आहे."

सिस्टरांनी मान तिरकी करून पुन्हा पडद्याकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, "तुलाही निळाच दिसतोय?"

"हो. पिन निघालीय मागची."

"पिन..." सिस्टर पुटपुटल्या. "अगं, मला वाटलं माझी उरलीसुरली नजरही गेली. चार दिवस झाले. म्हटलं, झालं, संपलं."

सुनेने माझ्या पाठीमागे हात घालून पिन आत दाबली. रंग हलू लागले. सिस्टरांनी मान तिरकी केली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलीसारख्या रडल्या.

"कधीपासून दिसत नाही?" सुनेने विचारले.

"वर्ष झालं असेल."

"आणि सांगितलं नाहीत? तुम्ही? अख्ख्या इमारतीला रागावता, दुखणं अंगावर काढू नका म्हणून!"

"तो तिकडे समुद्रात. तू दिवसभर लोकांसाठी हात हलवून थकलेली. त्यात माझं गाऱ्हाणं कुठे घालू? रिमोट हातात होता तोवर वाटायचं, चाललंय ना, चालू दे."

"आणि मी म्हणत होते, हट्ट करतात."

"हट्टही होताच थोडा," सिस्टर नाक पुसत म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. हसणेही दमलेलेच होते.

त्याच आठवड्यात दोघी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. गेलेली नजर परत येणार नव्हती. डोळ्यांत इंजेक्शने घेतली तर उरलेली बहुधा टिकेल, असे डॉक्टर म्हणाले. वर्षभर आधी आल्या असतात तर, असेही म्हणाले. घरी आल्यावर सिस्टरांनी फ्रिजवरचे पत्रक स्वतःच काढून सुनेच्या हातात दिले. "बोलव त्याला. बोलून लागतं म्हणाला होता ना? तीस वर्षं वॉर्डात आवाज चढवलाय मी, एका रिमोटला काय भ्यायचं?"

फायबर ओढायला आला तो शिडीवालाच. "आता या फायबरवाल्यांकडेच कामाला लागलो, वहिनी," तो ओशाळून म्हणाला. "वायर बदलली, शिडी तीच." सिस्टरांनी नव्या रिमोटला पहिला हुकूम सोडला, "बातम्या!" आणि कुस्ती लागली. दुसऱ्यांदा पाककृती लागल्या. तिसऱ्यांदा त्या अशा ओरडल्या की शेजारीण धावत आली, आणि बातम्या लागल्या. आतल्या खोलीत सुनेचे चित्र मात्र एकदाही थिजले नाही.

मला शिडीवाल्याने पिशवीत घातले. आता मी त्याच्या दुकानाच्या फळीवर माझ्यासारख्याच वीस-पंचवीस डब्यांत आहे. कधीतरी आमचे स्क्रू काढतील. त्याचे मला फारसे दुःख नाही. विश्रांतीच हवी होती.

परवा शिडीवाला आपल्या बायकोला सांगत होता. लाइन तपासायला तो सिस्टरांकडे गेला, तेव्हा दोघी सोफ्यावर टेकून बसल्या होत्या आणि पडद्यावर जे दिसेल ते सून बोलून दाखवत होती. "आता तो दार उघडतोय. घाबरलाय. हातात पत्र आहे." दिवसभर ती शब्दांची चित्रे करते, आणि संध्याकाळी चित्रांचे शब्द. मधेच तिचा डोळा लागला, तर सिस्टर म्हणाल्या, "राहू दे गं, पत्रात काय असेल ते मी ओळखलंय."

मित्रांनो, आम्ही डबे येतो आणि जातो. आमच्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी पडद्यासमोर गप्प बसले असेल, तर जाता जाता थांबा आणि एकदा त्याच्या तोंडाकडे बघा. "काय बघताय?" एवढेच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.